दिवस २१ ला ॲक्टिन गायब: स्टेम सेलच्या वेस्टर्न ब्लॉटमधली नेहमीची डोकेदुखी

"ताई, ॲक्टिन परत गेलं."

इमेजरच्या खोलीतून ज्युनिअर बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावरच हे वाक्य लिहिलेलं असतं. आमच्याकडे नाळेतल्या व्हार्टन्स जेलीतून काढलेल्या मेझेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, चरबी अशा वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) वाढवतात. त्यातल्या काही हाडाच्या वाटेला लावतात, काही चरबीच्या, आणि दिवस ०, ७, १४, २१ असे लायसेट (पेशी फोडून मिळालेला रस) काढून वेस्टर्न ब्लॉटने प्रोटीन बघतात: प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची (हा ट्रान्सफर) आणि हवं ते अँटीबॉडीने शोधायचं. हाडाच्या बाजूची खूण रन्क्स-२, चरबीच्या बाजूच्या खुणा पीपार-गॅमा आणि एफएबीपी-४. प्रत्येक लेनमध्ये मोजून २० मायक्रोग्रॅम. आणि तरीही बीटा-ॲक्टिन, म्हणजे लोडिंग सारखं झालं का हे तपासायला बघतात ते पेशीच्या सांगाड्यातलं प्रोटीन, ज्याने चारही लेनमध्ये सारखं दिसायचं, ते जिन्यासारखं उतरत जातं: दिवस ० ला जाड, सातव्याला जरा बारीक, चौदाव्याला फिकट, एकविसाव्याला जवळपास पुसलेलं.

मग ठरलेला क्रम सुरू होतो. पहिला संशय पिपेटिंगवर. दुसऱ्या दिवशी जास्त काळजी घेऊन तोच ब्लॉट. मग अँटीबॉडी जुनी झाली म्हणून नवी मागवणं. मग ट्रान्सफर नीट झाला नाही म्हणून रात्रभर ४ अंशाला ट्रान्सफर. महिना जातो, सॅम्पल संपत येतात, जिना तसाच.

इथे थांबून एक साधी गोष्ट बघायची. पिपेटिंगची चूक कुठल्याही बाजूला जाते. आज सातव्या दिवसाची लेन जाड येईल, उद्या चौदाव्याची. चार ब्लॉटमध्ये चारही वेळा एकाच दिशेने, त्याच क्रमाने उतरणारा जिना हाताच्या थरथरीने येत नाही. काहीतरी ठरावीक घडतंय. ते दोन ठिकाणी घडू शकतं: एक तर तुम्ही प्रोटीन मोजताना फसताय, नाहीतर पेशीतलं ॲक्टिन खरंच कमी होतंय. आमच्या त्या ज्युनिअरच्या बाबतीत दोन्ही होतं, एकावर एक, म्हणून तिला आणि मलाही उलगडायला वेळ लागला. ते ज्या क्रमाने सुटलं त्याच क्रमाने सांगते.

आधी लाल पाणी

मी तिला विचारलं, "पॉन्सोचा फोटो दाखव." नव्हता. वेळ वाचवायला ती ट्रान्सफर झाल्या झाल्या मेम्ब्रेन थेट दुधात टाकत होती (हे ब्लॉकिंग: अँटीबॉडी भलत्या जागी चिकटू नये म्हणून).

पॉन्सो एस म्हणजे मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन लाल दाखवणारा रंग; हे काम पाच मिनिटांचं आहे. ५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ०.१ टक्का पॉन्सो. प्रत्येक लॅबमध्ये त्याची एक लाल, बुडाशी गाळ बसलेली बाटली असते आणि तेच पाणी महिनोन्‌महिने परत ओतलं जातं. त्याला माझी हरकत नाही, फक्त अधूनमधून गाळून घ्या. ब्लॉकिंगच्या आधी मेम्ब्रेन त्यात पाच मिनिटं हलवायची, डिस्टिल्ड वॉटरने पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत धुवायची आणि स्कॅनरवर स्कॅन करायची. ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेला फोटो आठवणीसाठी ठीक, मोजमापाला नाही: एका कोपऱ्यात हमखास चकाकी येते. नायट्रोसेल्युलोजच्या मेम्ब्रेनवर रंग छान चढतो, पीव्हीडीएफच्या मेम्ब्रेनवर जरा फिका. नंतर ट्वीनच्या बफरने तो निघून जातो, अँटीबॉडीला अडथळा होत नाही.

पाचव्या ब्लॉटला पॉन्सो केला. हाडाच्या सेटमध्ये दिवस ० ची लेन वरपासून खालपर्यंत भरगच्च, बारीक बारीक पट्ट्यांची. एकविसाव्या दिवसाची लेन मात्र विरळ, आणि तिच्यात ६६ किलोडाल्टनच्या (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास एकच गलेलठ्ठ लाल पट्टा. बाकी लेन उपाशी आणि हा एकटा जेवून बसलेला.

६६ किलोडाल्टन म्हणजे आल्ब्युमिन. आणि तेही बहुतेक माणसाचं नाही, गाईचं: मीडियात घातलेल्या फीटल बोवाइन सीरममधलं.

फाटा इथे फुटतो. पॉन्सोमध्ये लेन असमान असतील तर ॲक्टिनला दोष देऊ नका, चूक लोडिंगच्या आधीची आहे. पॉन्सो सगळीकडे सारखा आणि ॲक्टिन तरीही उतरत असेल तर ॲक्टिन खरं बोलतंय. हा फोटो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

बीसीए का फसतो

आधी मोजमापाची बाजू, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

बीसीए ही लायसेटमधलं एकूण प्रोटीन रंगावरून मोजायची चाचणी. तीत अल्कधर्मी द्रावणात प्रोटीन तांब्याच्या टू-प्लस आयनला वन-प्लस करतं, त्या वन-प्लस तांब्याला बीसीएचे दोन रेणू धरतात, जांभळा रंग येतो आणि तो आपण ५६२ नॅनोमीटरला वाचतो. म्हणजे बीसीएला प्रोटीन दिसत नाही, तांबं रिड्यूस झालेलं दिसतं. कोणी केलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता हाडाच्या मीडियात काय असतं ते आठवा: डेक्सामेथासोन, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, साधारण मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. ॲस्कॉर्बिक ॲसिड हा पक्का रिड्यूसिंग पदार्थ. तांब्याला तो प्रोटीनची वाट न बघता रिड्यूस करतो. त्यातही मीडिया बदलल्या दिवशीच सॅम्पल काढलं तर जास्त, कारण ताजं ॲस्कॉर्बिक ॲसिड अजून हवेने खाल्लेलं नसतं. जे लोक त्याचं फॉस्फेट जोडलेलं, टिकाऊ रूप वापरतात त्यांना हा त्रास कमी. मीडियातला फिनॉल रेड हा डायही रंगात लुडबुड करतो.

पण खरा गुन्हेगार सीरम. १० टक्के सीरम असलेल्या मीडियात मिलिलिटरला तीनेक मिलिग्रॅम प्रोटीन असतं. वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) धुताना १०० मायक्रोलिटर मीडिया राहून गेला तर ३०० मायक्रोग्रॅम प्रोटीन तिथेच राहिलं. सहा वेलच्या प्लेटमधल्या एका वेलच्या पेशींमधून जेवढं निघतं तेवढं, कधी त्याहून जास्तच. म्हणजे तुमच्या "२० मायक्रोग्रॅम"मध्ये अर्ध्याहून जास्त गाय असू शकते.

"पण ताई, मी तर धुते." धुते हे खरं. दिवस ० ला तीनदा धुते, कारण पेशी तळाला चिकटून शहाण्यासारख्या बसलेल्या असतात. एकविसाव्या दिवशी मात्र पेशींनी स्वतःभोवती कोलॅजेनचं जाळं विणलेलं असतं, त्यात कॅल्शियमचे दाणे बसलेले असतात, आणि हा सगळा थर सायीसारखा कडेने सुटायला लागतो. जोरात पीबीएस (धुण्याचा खारट बफर) ओतला की अख्खी साय गुंडाळून वर येते. एकदा असं झालं की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी एकदाच, हलक्या हाताने, कडेकडेने धुतो. थर जितका जुना तितकं धुणं कमी. आणि त्या जाळीत सीरम स्पंजसारखं धरून ठेवलेलं. उतरत्या जिन्याचं अर्धं कारण हे होतं: दिवसागणिक आकडा फुगत गेला, त्यामुळे २० मायक्रोग्रॅमसाठी दिवसागणिक कमी लायसेट घातलं गेलं, आणि खऱ्या पेशीतलं प्रोटीन लेनमध्ये कमी कमी येत गेलं.

उपाय सोपा निघाला. साय सुटते ना? सुटू दे. ती सगळीच खरवडून थंड पीबीएसमध्ये ट्यूबला घ्यायची, हलकं सेंट्रिफ्यूज करायची, वरचं पाणी काढायचं, असं तीन-चारदा. प्लेटमध्ये धुण्यापेक्षा ट्यूबमध्ये धुणं कितीतरी स्वच्छ होतं, आणि काहीही वाहून जात नाही. दिवस ० च्या पेशीही त्याच पद्धतीने काढायच्या, नाहीतर एक फरक मिटवून दुसरा तयार होतो. फॉस्फो-प्रोटीन (फॉस्फेट चिकटलेलं प्रोटीन) बघायचं असेल तर मात्र इतका वेळ घालवू नका. त्यासाठी प्लेट बर्फावर, झटपट दोनदा धुणं आणि लगेच लायसिस (पेशी फोडणं), हाच मार्ग.

ट्रिप्सिनने पेशी काढून लायसेट करायची सवय असेल तर ती सोडा. ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरची प्रोटीन कापतं. पृष्ठभागावरचा रिसेप्टर "डिफरन्सिएशनमध्ये (पेशीची जात बदलताना) गेला" असं वाटतं, आणि तो खरं तर ट्रिप्सिनने भादरलेला असतो.

दुसरी गोष्ट: रिकामी वेल. प्रत्येक प्लेटमध्ये एक वेल पेशी न घालता ठेवायची. तिला कोटिंग तेच, मीडिया तोच, बदलण्याचे दिवस तेच, धुणं तेच, शेवटी लायसिस बफर तोच. आणि तिचाही बीसीए करायचा. आकडा शून्याजवळ आला तर तुमचं धुणं खरं. आमच्या जुन्या पद्धतीने रिकाम्या वेलने चांगलं घसघशीत प्रोटीन दाखवलं होतं. पेशी एकही नाही आणि प्रोटीन आहे! ज्युनिअरने तो आकडा तीनदा वाचला. ही वेल सीरम, कोटिंग आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड पकडते. पेशींनी स्वतः विणलेलं कोलॅजेन ती पकडणार नाही, हे लक्षात ठेवा. आयपीएस पेशी (साध्या पेशींना परत मूळ अवस्थेत आणून केलेल्या स्टेम सेल्स) मॅट्रिजेलवर वाढवणाऱ्यांना तर ही वेल हवीच, कारण मॅट्रिजेल म्हणजे उंदराच्या सारकोमातून काढलेलं लॅमिनिन आणि टाइप फोर कोलॅजेन, आणि तेही बीसीएला प्रोटीनच दिसतं.

ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजायची दुसरी चाचणी) करू का, असं विचारतात. ब्रॅडफर्डला रिड्यूसिंग पदार्थांचं वावडं नाही, पण एसडीएस या डिटर्जंटचं आहे, आणि पेशी फोडायच्या रिपा बफरमध्ये ०.१ टक्का एसडीएस असतं. लायसेट चांगलं पातळ केलं तर चालून जातं, स्टँडर्डमध्येही तेवढाच बफर घालायचा. संशय असेल तर थोडं लायसेट चार पट थंड ॲसिटोनमध्ये उणे २० अंशाला तासभर ठेवून प्रोटीन खाली बसवा, ते परत विरघळवा आणि मग बीसीए करा. ॲस्कॉर्बिक ॲसिड वर राहून जातं. आल्ब्युमिन मात्र प्रोटीनबरोबर खालीच येतं, म्हणून धुण्याला पर्याय नाही.

मोजमाप सुधारलं, पॉन्सो सारखा आला, आणि तरीही

धुणं सुधारल्यावर हाडाच्या सेटचं ॲक्टिन बऱ्यापैकी सपाट झालं. चरबीच्या सेटमध्ये पॉन्सो अगदी सारखा, चारही लेन भरलेल्या, ६६ ला लठ्ठ पट्टा नाही. ॲक्टिन तरीही उतरलेलं.

ज्युनिअर रडकुंडीला आली. मी मात्र त्या दिवशी खूश होते, कारण आता जे दिसत होतं ते पेशीचं होतं.

विचार करा, चरबीची पेशी होताना काय होतं. मेझेन्कायमल पेशी लांबुडकी, प्लास्टिकवर पसरलेली, आत ताणलेल्या दोऱ्यांसारखे ॲक्टिनचे जाड पुंजके. चरबीच्या वाटेला लागली की ती आखडते, गोल होते, पोटात तेलाचे थेंब साठवते. तिला त्या दोऱ्यांची गरज उरत नाही. ब्रूस स्पीगलमन आणि स्टीफन फार्मर यांनी १९८२ मध्येच उंदराच्या ३टी३ पेशींवर दाखवून दिलं होतं की चरबीची पेशी आकाराने बदलायच्या आधीच ॲक्टिन आणि ट्युब्युलिनची जीन्स मंदावतात. चाळीस वर्षांपेक्षा जुनी गोष्ट. आणि तरीही आपण चरबीच्या ब्लॉटला ॲक्टिन लावतो, कारण मागच्या थीसिसमध्ये ॲक्टिन होतं.

याने आकडे कसे वाकडे होतात बघा. समजा रन्क्स-२ किंवा दुसरं कुठलंही प्रोटीन दिवस ० ला १०० आणि दिवस २१ लाही १०० आहे, म्हणजे काहीच बदल नाही. ॲक्टिन मात्र १०० वरून ५० वर आलं. भागाकार केला की १ चे २ झाले. तक्त्यात "दुप्पट वाढ", वर लक्षणीय फरकाचा एक तारा. ज्याच्यावर पुढे कोणी मीडियाचा फॉर्म्युला ठरवणार, कुठल्या बॅचच्या पेशी चांगल्या हे ठरवणार, तो आकडा निव्वळ पट्टी आखूड झाल्याने लांब दिसतोय. कापड मोजणाऱ्याचा गज आटला तर कापड वाढल्यासारखंच दिसणार.

ॲक्टिन नको तर जीएपीडीएच, हा पुढचा प्रश्न. तेही इथे भरवशाचं नाही. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधलं (साखर फोडून ऊर्जा काढण्यातलं) एन्झाइम. चरबीच्या मीडियात इन्सुलिन असतं आणि इन्सुलिन त्याचं जीन वाढवतं. ऑक्सिजन कमी ठेवून पेशी वाढवत असाल, स्टेम सेलवाले ठेवतातच, तर तेही त्याला वर ढकलतं. प्लुरिपोटंट पेशी (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या) ग्लायकोलिसिसवर जास्त जगतात आणि हृदयाच्या पेशी होताना ऑक्सिजनवर जळणाऱ्या इंधनाकडे वळतात, तिथेही तेच. विंक्युलिन? ते पेशीच्या पकडीच्या जागांशी बांधलेलं. गोल होणाऱ्या, पकड सैल करणाऱ्या पेशीत मी ते तपासल्याशिवाय लावणार नाही. केंद्रकाचं प्रोटीन म्हणून लॅमिन ए/सी घेणाऱ्यांनी तर जपूनच राहावं: प्लुरिपोटंट पेशींमध्ये ते नगण्य असतं आणि डिफरन्सिएशनबरोबर चढतं, इतकं की ते डिफरन्सिएशनची खूण म्हणूनच वापरतात. लॅमिन बी-१ त्यापेक्षा बरं.

तात्पर्य असं की पेशीची जात बदलणाऱ्या प्रयोगात कुठलंही एक "घरकामाचं" प्रोटीन आधीपासून विश्वासाचं धरू नये. मी आता लेनमधलं एकूण प्रोटीन घेते, म्हणजे तोच पॉन्सो किंवा जेलमध्येच चमकणारी स्टेन-फ्री पद्धत, आणि त्याने भागते. जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीसारखी नियतकालिकंही लेखकांना एकूण प्रोटीनच पसंत असल्याचं सांगतात. लेनचा सगळा उभा पट्टा मोजायचा, वरच्या विहिरीची कड आणि खालची डायची रेघ सोडून. आल्ब्युमिनचा पट्टा धुऊनही थोडा उरत असेल तर तेवढा भाग सगळ्या लेनमध्ये सारखाच वगळायचा, आणि तसं आधी ठरवून, लिहून. आकडे बघून मग वगळायचं असं केलंत तर मी तुमची बाजू घेणार नाही.

जोडीला एक वेगळ्या जातीचा मापदंड हवा: डीएनए. त्याच पेशींचा थोडा भाग बाजूला काढून डीएनए मोजला की पेशी किती होत्या ते कळतं, आणि पेशीला डिफरन्सिएशनमध्ये जात बदलता आली तरी डीएनए बदलता येत नाही. ब्लॉटवर हिस्टोन एच-३, १७ किलोडाल्टनच्या आसपास, साधारण हेच काम करतं. मात्र ते नीट बाहेर काढलं असेल तर.

बाहेर काढणं

"नीट बाहेर काढणं" हा वेगळाच त्रास. रन्क्स-२, ऑक्ट-४, सॉक्स-२ ही सगळी केंद्रकात डीएनएला धरून बसणारी मंडळी. साधा रिपा घातला, अर्धा तास बर्फावर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं आणि वरचं पाणी घेतलं, तर यांच्यातले बरेचजण पेलेटबरोबर कचऱ्यात जातात. ओळखायचं कसं? पिपेटचं टिप लायसेटमधून वर काढा. एकतारी पाकासारखी तार निघाली तर डीएनए अजून अख्खा आहे. बर्फावर ठेवून सोनिकेटरचे तीन-चार छोटे झटके, किंवा बेंझोनेज (डीएनए कापणारं एन्झाइम), तार निघायची थांबेपर्यंत. मग सेंट्रिफ्यूज.

चरबीच्या लायसेटमध्ये आणखी एक गंमत. १४,००० जी-ला फिरवल्यावर ट्यूबमध्ये तीन थर दिसतात: तळाला पेलेट, मध्ये लायसेट, आणि वर पांढरट तुपासारखी चरबीची चकती. टिप वरून घातलं की त्याला बाहेरून चरबी लागते, आतही थोडी शिरते, आणि मग जेलच्या विहिरीत सॅम्पल खाली बसायच्या ऐवजी तरंगतं. ट्यूब तिरकी धरायची, चकतीच्या कडेने टिप आत सरकवायचं, मधलं घ्यायचं आणि टिप बाहेरून पुसून मग रिकामं करायचं. चकती थोडी घट्ट व्हायला ट्यूब पाच मिनिटं बर्फात ठेवली की काम सोपं होतं.

प्रोटिएज इनहिबिटरमध्ये (प्रोटीन कापणारी एन्झाइम रोखणाऱ्या पदार्थांत) पीएमएसएफ वापरत असाल तर सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरू नका. पाण्यात, विशेषतः पीएच ८ ला, तो अर्ध्या-पाऊण तासात निम्मा मरतो. ऐनवेळी घालायचा.

छान दिसणारं ॲक्टिन जास्त धोक्याचं

हे लिहिताना सीनियर मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी तर ॲक्टिन नेहमी सारखंच यायचं." येत असेल. २०-३० मायक्रोग्रॅम लोड केल्यावर ॲक्टिन इतकं असतं की ईसीएलचा (अँटीबॉडीला जोडलेल्या एचआरपी एन्झाइममुळे निघणारा) उजेड भरून जातो, फिल्म काळीकुट्ट होते आणि दहा मायक्रोग्रॅम काय, चाळीस काय, सगळं सारखंच जाड दिसतं. सारखं दिसणं म्हणजे सारखं असणं नाही. एचआरपी फारच जास्त असेल तर बँडच्या मध्ये पांढरा भाग पडतो, अंडं जळाल्यासारखा; तो तर उघड पुरावा.

म्हणून प्रत्येक नव्या अँटीबॉडीसाठी एकदा, फक्त एकदाच, पाच लेन खर्च करा: त्याच लायसेटचे २.५, ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम. सिग्नल दुप्पट होत जातो तोवरची हद्द तुमची. आमच्याकडे ॲक्टिनची हद्द १० च्या आत संपली आणि पीपार-गॅमाला ४० लागले. म्हणजे एकाच जेलवर, एकाच लोडिंगला दोघांनाही न्याय देता येणारच नव्हता.

फॉस्फो-अँटीबॉडीला दुधात ब्लॉक करू नका, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए घ्या. आणि अँटीबॉडी टिकावी म्हणून ॲझाइड घातलेला बफर एचआरपीच्या पायरीला लावू नका, ॲझाइड एचआरपी मारतं. एका सुट्टीच्या आठवड्यानंतर आमचे सगळेच ब्लॉट कोरे आले होते. कोणीतरी धुण्याच्या बफरच्या मोठ्या कॅनमध्येच ॲझाइड घालून ठेवलं होतं, "बुरशी येते म्हणून".

मास स्पेक्ट्रोमीटरला पाठवलं तर हे सगळं सुटेल?

नाही. उलट आल्ब्युमिन आणि कोलॅजेन तिथे जास्त नडतात, कारण यंत्र आधी जे भरपूर आहे तेच वाचत बसतं आणि तुमचा रन्क्स-२ रांगेत मागे राहतो. सर्चमध्ये, म्हणजे सापडलेले पेप्टाइड (प्रोटीनचे तुकडे) ज्या यादीशी जुळवतात तिच्यात, फक्त माणसाची प्रोटीन दिलीत तर गाईच्या पेप्टाइडपैकी जी माणसाशी जुळतात ती माणसाच्या नावावर जमा होतात, आणि "एकविसाव्या दिवशी आल्ब्युमिन वाढलं" असा शोध लागतो. बोवाइन सीरमची यादी सर्चमध्ये बरोबर द्या. सॅम्पल नॉर्मलाइज करण्यासाठी तिथेही बहुतेक वेळा सगळ्या प्रोटीनचा मध्य सारखा धरतात. पेशीने मोठ्या प्रमाणात कोलॅजेन विणायला घेतलं असेल तर तोही गज हलतो. म्हणजे धुणं, रिकामी वेल आणि डीएनए, तिघं इथेही लागतातच.

ॲक्टिन कायमचं फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्याच पेशीला अर्धा तास औषध दिलं आणि ईआरके (पेशीत निरोप पोचवणारं प्रोटीन) फॉस्फोरिलेट होतो का बघायचंय, तर अर्ध्या तासात ॲक्टिन कुठे जात नाही. तिथेही फॉस्फोला एकूण ईआरकेने भागणंच बरं, पण ॲक्टिन असलं तरी हरकत नाही. घोळ होतो तो पेशी बदलते तेव्हा.

आणखी दोन-तीन गोष्टी ज्या दर वेळी कोणीतरी विचारतंच. वेगवेगळ्या जेलवरचे दिवस एकमेकांशी ताडायचे असतील तर प्रत्येक जेलवर एक लेन त्याच एका मिश्र लायसेटची ठेवा, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये गोठवून ठेवलेल्या. एकाच डिशच्या तीन लेन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या नाळांच्या पेशी म्हणजे तीन. व्हार्टन्स जेलीच्या पेशी दात्यागणिक किती वेगळ्या वागतात हे ज्याने एकदा बघितलंय तो "एन बरोबर तीन" (तीन स्वतंत्र नमुने) लिहिताना थांबतोच. आणि उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, जेल मधोमध पुढे जाऊन हसायला लागतं तेव्हा त्यात जीवशास्त्र शोधू नका. करंट कमी करा, टँक बर्फात ठेवा.

ऑक्ट-४ चं वेगळंच. मेझेन्कायमल पेशींत ऑक्ट-४ चा बँड "मिळाला" म्हणून कोणी आनंदात आलं तर आधी विचारा, कुठल्या उंचीवर आणि कुठली अँटीबॉडी. प्लुरिपोटंट पेशीतला ऑक्ट-४ए साधारण ४५ किलोडाल्टनला धावतो. त्याचा बी प्रकार आणि स्यूडोजीन्स आहेत, आणि सगळ्याच अँटीबॉडी त्यांच्यात भेद करत नाहीत. एन-टर्मिनलच्या बाजूची अँटीबॉडी घ्या आणि शेजारच्या लेनमध्ये खऱ्या प्लुरिपोटंट पेशींचं लायसेट ठेवा. तो बँड आणि तुमचा बँड एका रेषेत नसतील तर विषय संपला.

आणि आधीच गोठवलेली सॅम्पल?

हे हमखास विचारलं जातं, कारण ही पोस्ट वाचणाऱ्याच्या उणे ८० च्या फ्रीजमध्ये सहा महिन्यांची लायसेट असतातच. सगळं गेलेलं नाही. पहिल्यांदा सगळ्या सॅम्पलचा सारख्या घनफळाचा, मायक्रोग्रॅमचा विचार न करता, एक छोटा जेल चालवा आणि कूमासीने (जेलमधलं सगळं प्रोटीन निळं दाखवणाऱ्या रंगाने) रंगवा. ६६ चा पट्टा किती मोठा आहे ते बघा; बाकीच्या लेनच्या रंगावरून नवीन लोडिंग ठरवा आणि बीसीएचा जुना आकडा वहीत तसाच राहू द्या, खोडू नका. सीरम सगळ्या दिवसांत थोडंच असेल तर एकूण प्रोटीनने, आल्ब्युमिनचा भाग वगळून, बऱ्याच सॅम्पलचं समाधानकारक काम होतं. आमच्या ज्युनिअरच्या सोळापैकी अकरा ट्यूब अशा वाचल्या.

पण लायसेट सोनिकेट न करता फिरवलं असेल आणि पेलेट फेकला असेल, तर केंद्रकातलं जे त्याच्याबरोबर गेलं ते गेलं. त्या पाच ट्यूबवर तिने लाल मार्करने फुली मारली, आणि सोमवारी नवीन पेशी वितळवायला घेतल्या.